वाठोड्यातला चर

पथदिव्यांच्या केबल खात्यात एकतीस वर्षं काढली मी.
फॉल्ट शोधायचा, खोदायचं, जोडायचं, बुजवायचं.
जमिनीवरचं नागपूर मला फारसं ठाऊक नाही,
खालचं विचारा.

जोडीला इस्तारी नैताम, देवलापारकडचा.
फावडं लावायच्या आधी तो प्रत्येक भोकाशी उकिडवा बसायचा.
भुसभुशीत मातीचा ढीग, कुबट वास:
"घूस हाये. आत दाणे असतीन, पिल्लंही."
चंद्रकोरीसारखं चपटं तोंड:
"इच्चू. बोट नोको घालू, भौ."
दोन तोंडं दिसली की कोल्हा.
"एक याले, एक पळाले.
आपल्या क्वार्टरले हाये का असं दार?"

आणि साप?
इस्तारी हसायचा. "तो कायले खोदते?
हात ना पाय.
आयतं बीळ पाह्यते, मालकाले खाते, तिथंच झोपते.
अन् शहराले नाव त्याचं."

एकदा मे महिन्यात त्यानं मला
एका रिकाम्या बिळात कोपरापर्यंत हात घालायला लावला.
वर सत्तेचाळीस अंश, डांबर चपलेला चिकटत होतं.
आत माठाच्या पोटासारखं.
"आता समजलं, काहून?"
समजलं होतं.
तरी हात लगेच काढवला नाही.

गावाकडे धानाच्या बांधात खेकडा असतो, सांगायचा,
पाणी वीतभर उतरलं की तोही वीतभर.
आणि एक बेडूक, मागच्या पायांनी खणत जाणारा,
तोंड आपल्याकडे करून.
डोळे सगळ्यात शेवटी बुडतात त्याचे.

त्या वर्षी वाठोड्यात चर खोदून ठेवला
आणि केबलचा ड्रमच आला नाही. अठरा दिवस.
आला तेव्हा काळ्या मातीखालच्या पिवळ्या थरात
सात भोकं, पेल्याच्या बुडाएवढी,
आणि तारेवर वेडे राघू, चोचीत माश्या धरून,
आम्ही कधी जातो त्याची वाट बघत.

इस्तारीनं एका भोकाला कान लावला.
बराच वेळ.
मग मला म्हणाला, "लिही, ड्रम सदोष."
मी लिहिलं.

आणखी तेवीस दिवस ती गल्ली अंधारात राहिली.
निखाडेबाई रोज भांडायला यायच्या,
एके रात्री त्यांचा पाय मुरगळला, मग येईनाशा झाल्या.
त्यांची माफी मी अजून मागितलेली नाही.
सातातल्या पाच भोकांतून पिल्लं उडाली.
उरलेल्या दोघांत
आयता कोणी येऊन गेला होता.

केबल टाकली. चर बुजवला. दिवे लागले.

हिवाळ्यात पुन्हा फॉल्ट, नेमका तिथंच.
खोदलं तर केबल कुरतडलेली,
आणि आमच्याच भुसभुशीत मातीत घुशीचा संसार.
मी शिवी हासडली.
इस्तारी उकिडवा बसला, मूठभर माती चाळली.
"जागाच चांगली हाये, बाप्पा," म्हणाला,
"तिचं काय चुकलं?"