तेविसावी पातळी

मे महिन्यातलं नागपूर,
दुपारी तीनची सरासरी
अकरा पॉइंट सहा.

फंक्शननं हे सांगितलं अगदी सरळ चेहऱ्यानं.
लाल अक्षर नाही, कुरकुर नाही,
कर्सर आपला उघडझाप करत बसलेला.

मी कूलरकडे पाहिलं.
खसाची ताटी वाळून खडखडीत,
टाकीच्या तळाशी बोटभर पाणी, मोटर नुसती घरघरतेय.
अकराला आम्ही अंगणात शेकोटी करतो, डिसेंबरात,
ओल्या हरभऱ्याचे घाटे भाजतो.

पहिला संशय स्वतःवरच घ्यायचा, ही रीत.
कंस मोजले. स्वल्पविराम मोजले.
फाईल तीच होती, महिना तोच होता,
तांडापेठेतली तीच टिनाखालची खोली.
फंक्शन उघडून आत डोकावले:
बेरीज, भागाकार, संपलं.
एवढ्याशा देहात खोट लपणार तरी कुठे?

मग रात्री एकला, वीजबिलाच्या पाठीवर
पहिले तीन दिवस हातानं मांडले.
वहीत त्रेचाळीस, पंचेचाळीस, साडेचव्वेचाळीस.
यंत्रात तीन, सतरा, बारा.

तीन, सतरा, बारा.
हे तापमान नव्हतं.
या रांगेतल्या जागा होत्या.

कॉलममध्ये एक जरी शब्द शिरला
तर सगळा कॉलमच शब्दांचा होतो.
आकडे मग आकडे उरत नाहीत, नावं होतात,
आणि यंत्र त्यांना प्रार्थनेच्या तासासारखं
ओळीत उभं करून हजेरी क्रमांक वाटतं.
बेचाळीस पॉइंट एक, तू पहिला.
सेहेचाळीस पॉइंट आठ, तू बावीस.
मी संध्याकाळपासून
हजेरी क्रमांकांची सरासरी काढत बसले होते.

पण पातळ्या निघाल्या तेवीस.
सेहेचाळीस पॉइंट आठच्याही वर
उभं होतं कोणीतरी.

सत्तावीस मे. तापमानाच्या रकान्यात,
टाईप करणाऱ्या पोरीनं जसंच्या तसं उतरवलेलं:
बाप्पा.

सकाळी फोन केला कवडू धकातेंना.
"काका, सत्तावीस तारखेला आकडा काऊन नाही?"
मागे कुठेतरी बादलीत नळ पडत होता.
"पाहू कसा, म्याडम? डोयेच उघडत नोते.
काचेवर घाम पडे, पारा दिसेना.
मंग तोंडातून निंगालं तेच लेह्यलं."
थोडं थांबून:
"चुकलं का जी?"

नाही म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

उपाय एका ओळीचा आहे.
नावं पुन्हा अक्षरं करायची, अक्षरांचे आकडे.
आता मात्र यंत्र लाल शाईत बोललं:
सक्तीनं बदलताना एक जागा रिकामी झाली.
सरासरी विचारली तर म्हणालं, माहीत नाही.
एका दिवसाचं माहीत नाही
म्हणून महिन्याचंच माहीत नाही;
इतका प्रामाणिकपणा मला परवडत नव्हता,
अहवाल बारापर्यंत द्यायचा होता.
रिकामं वगळ, असं सांगितलं.
वगळलं.
चव्वेचाळीस पॉइंट तीन.

पटण्यासारखा आकडा. सरांनाही पटला.

फक्त एवढंच,
की काल जेव्हा सगळं चुकलेलं होतं
तेव्हा त्या चुकलेल्या यादीत
सत्तावीस मे सगळ्यात वर होता.
यंत्राला मराठी येत नाही, मला ठाऊक आहे,
त्याच्या वर्णमालेत आकडे आधी, आपली अक्षरं नंतर,
बाकी काही नाही त्यात.
तरी त्या खोलीतली सगळ्यात तापलेली दुपार
बरोबर जागेवर ठेवली होती त्यानं.
मी ती दुरुस्त केली.

तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय: नोंदी तीस.
काकांच्या वहीत एकतीस आहेत.
वही अजून माझ्याकडेच आहे,
परत द्यायला जायचंय, ऊन उतरलं की.