तीनशे अठरा

पहिल्या वर्षी पाठ केलं ते तिसऱ्या वर्षी मोडीत निघालं.
तीनशे दोन म्हणजे खून,
हे आमच्या करमाळ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक.
आता तो एकशे तीन.
चारशेवीस होता तो तीनशे अठरा, पोटकलम चार.
शिवी द्यायची तर श्वास पुरत नाही.

जुनं पुस्तक घेऊन अप्पा बळवंत चौकात गेले.
पेन्सिलीच्या खुणा, दोन रंगांचे हायलायटर,
एका पानावर मॅगीचा मसाला.
दुकानदारानं नुसतं हातात तोललं.
"कायदा बदलला, ताई. आता हे किलोवर."
माझा अख्खा फौजदारी कायदा
सव्वासहा रुपयांचा भरला.
नाही विकला. खाटेच्या आखूड पायाखाली सरकवला.
डुगडुग थांबली.

खाट माझी. खोली नाही.
सदाशिव पेठेत कॉट बेसिस म्हणजे
सहा बाय तीनचा ताबा, खिडकी सामाईक.
दातारकाकूंची पाटी: गीझर सात ते साडेसात,
फोनवर बोलणे जिन्यात.
म्हणून मूट कोर्टाची तयारी मी जिन्यात करते,
"माय लॉर्ड" म्हणते,
आणि दूधवाला बाजूला होऊन वाट देतो.

करार कायद्यात एकसष्ट मार्क.
पण आधीच्या खोलीचं डिपॉझिट, आठ हजार,
अजून गुर्जरांकडेच.
भिंतीला खिळा ठोकलात, म्हणाले.
मी कलम चौऱ्याहत्तर सांगितलं.
"वा! हुशार आहात," म्हणाले,
आणि दार लावलं. हळूच, सभ्यपणे.

घरून मामाचा फोन:
"सातबाऱ्यावर नाव चढवायचंय, काय करावं लागेल?"
मामा, आमचं सध्या आंतरराष्ट्रीय कायद्याचं चाललंय.
समुद्राच्या हद्दी.
मामा बराच वेळ गप्प.
"करमाळ्यात समुद्र कुठंय गं?"

वर्गात सर लॅटिन बोलतात, मी इंग्रजीत उतरवते,
रात्री मराठीत समजून घेते,
परीक्षेत परत इंग्रजीत घालते.
एवढ्या ये-जा करण्यात
काहीतरी वाटेत सांडतंच.
हजेरी अडुसष्ट टक्के. तीही सांडलेलीच.

दुपारी शिवाजीनगर कोर्टात इंटर्न.
म्हणजे वृषालीचा ब्लेझर, बाह्या बोटांपर्यंत.
मानधन: चहा.
काम: फाईल उचलणे, फाईल ठेवणे,
बोर्डावर आपला नंबर कितवा ते बघून येणे.
एकोणऐंशी. चालू होता अकरा.

बाकावर एक बाई. मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी,
पिशवीत कागद, कागदांत जेवणाचा डबा.
"तुम्ही वकील ना?"
शिकतेय, म्हटलं.
"मग वाचा की."
वाचलं. भिशीचे एक लाख चाळीस हजार.
"चारसोबीस केली मेल्यानं."
माझ्या तोंडून निसटलंच: तीनशे अठरा.
"आं?"
नंबर बदलला, मावशी.
तिनं माझ्याकडे असं बघितलं
जसं काही पैशांसोबत
तिची शिवीही कुणी नेली.

गोसावी वकील फायलीतून मान वर न काढता म्हणाले,
"गुन्हा कधीचा?"
कोरोनातला, बाई म्हणाली.
"मग जुनाच कायदा लागणार. वर्गात झोपता का, मॅडम?"
बाईनं मान डोलावली, जणू तीच जिंकली.
"बघा. चारसोबीसच."
आणि डब्यातली अर्धी चपाती माझ्या हातावर ठेवली.
कोटावर तेल पडलं. वृषाली मारणार.

रात्री खाटेखालून पुस्तक ओढून काढलं.
वरच्या पानावर पायाचा गोल वळ उमटलेला.
चारशेवीस. बाजूला माझंच अक्षर:
लबाडीचा हेतू सुरुवातीपासूनच हवा.
ही ओळ मी कधी लिहिली, आठवेना.
वाचत बसले. खाट पुन्हा डुगडुगायला लागली,
आणि खालून दातारकाकू:
"अहो, कसला आवाज आहे तो? अकरा वाजले!"