गृहीत धरू की

गृहीत धरू की सगळे बुडबुडे सारखे :
चार मिलिमीटर, गोल,
एकमेकांशी ओळख नसलेले.
गृहीत धरू की तापमान स्थिर आहे
(मे महिना, अक्कलकोट रोड एमआयडीसी,
पत्र्याखाली त्रेचाळीस. असो.)
गृहीत धरू की भिंतींना काही म्हणायचं नाही.

एवढं धरलं की समीकरण हाताला मऊ लागतं,
धुतलेल्या सुतासारखं.
खालून चढणारा ओझोन,
वरून उतरणारं, चादरी रंगवून उरलेलं लाल पाणी,
आणि दोघांच्या मध्ये बुडबुड्याची कातडी.
जे काही घडायचं ते तिथंच.
तिचं एकूण क्षेत्रफळ मी रात्री दीडला काढलं :
अडीच मीटर उंच, फूटभर रुंद नळकांड्यात
साडेसात चादरी. एकेरी.
नुसत्या हवेच्या.

सोमवारी जुळलं. बुधवारी, गुरुवारी जुळलं.
मंगळवारी चुकतं.
दर मंगळवारी.
मॉडेल म्हणतं दहा टक्के हवा,
काचेवरची पट्टी म्हणते सोळा,
आणि वर फेस डोकं काढून बघत बसतो
माझ्याकडे.
मी जाळी बारीक केली. पायरी अर्धी केली.
रोटामीटर उघडून पुसला,
त्यात एक मेलेली मुंगी होती,
तिलाही दोष देऊन पाहिला.
गाइड फोनवर म्हणाले,
मंगळवार गाळून टाक, आलेख सरळ येईल.

मल्लेशम यन्नम, रात्रपाळी.
एकोणतीस वर्षं मागावर.
उजवा कान मागांनी नेला,
डावा त्यानं जपून ठेवलाय.
फोनवर बायकोशी तेलुगूत, मुकादमाशी हिंदीत,
आणि माझ्याशी मराठीत, तेही गरज पडली तर.
त्या रात्री तो आला, डबा खाली ठेवला,
आणि डावा कान नळकांड्याला टेकवला,
शेजारच्या घरात भांडण चाललंय का
ते ऐकावं तसा.

“बारीक बोलायलंय की ओ मॅडम आज.
सोमवारी घरघर करतंय, आज नुसतं कुजबुज.
मंगळवारी सूत उकळतेत तिकडं,
साबण येतंय पाण्यात.
साबण असलं की हे एकात एक मिसळत नाहीत बघा,
आपापलं आपापलं वर जातेत.”

तिसऱ्या प्रकरणात पान अठ्ठेचाळीसवर
मी हेच लिहून ठेवलं होतं कुणाचं तरी वाचून :
दोन बुडबुडे जवळ येतात,
मधला पडदा पातळ होत होत फाटतो.
आणि खाली एक ओळ :
हा परिणाम नगण्य मानला आहे.

व्यास अडीच मिलिमीटर घातला.
हवा सोळा टक्के.
क्षेत्रफळ साडेएकोणीस चादरी.
मी खूश होऊन त्याला आकडा सांगितला.
तो म्हणाला, मग रंग लवकर का जाईना?

खरंच की. बाटल्या ओळीनं उभ्या होत्या :
दहा मिनिटं लाल, वीस मिनिटं डाळिंबी,
चाळीस मिनिटांनी फिक्का चहा.
सोमवारी जशा, तशाच.
साबणानं कातडी वाढवली
आणि मग तिच्यावरच पसरून बसला,
दार मोठं करून दारातच बसावं तसा.

एक स्थिरांक वाढला.
प्रबंधात तो अल्फा आहे, शून्य पूर्णांक एकेचाळीस,
आणि खाली लिहायचं असतं :
प्रायोगिक निरीक्षणावरून.
कुणाच्या, ते विचारायला तिथं जागा नसते.
यादीत कंप्रेसरचा मेक आहे, काचेची जाडी आहे.
एका डाव्या कानाचा
अचूकपणा किती टक्के,
हे मी मोजलेलं नाही.

पहाट. ओझोन बंद केला तरी वास रेंगाळतोय,
वीज जवळ पडून गेल्यासारखा.
मल्लेशम शेवटची बाटली उजेडात धरतो.
पाणी नव्हे, पण पाण्याच्या बाजूचं काहीतरी.
घरी आज पाचवा दिवस, नळ येणार,
बायको घागरी मांडून बसली असेल, म्हणतो,
आणि सायकलला टांग मारतो.

मी नवीन पान उघडते.
गृहीत धरू की
आज मंगळवार आहे.