त : ताण

धुळ्यात मे महिन्यात कुलर आवाज करतो, हवा देत नाही.
भौतिकशास्त्राच्या खोलीत चार खोकी कार्डं,
आज अक्षर त.
मी लिहून घेतो. माझं मत कोणी विचारत नाही,
आणि ते बरोबरच आहे, मी बी.कॉम.

तत्त्व दहा मिनिटांत झालं.
तपमान की तापमान, यात चहा संपला.
मग ताण निघाला.

बडगुजर सर म्हणाले, आधी लोखंडाचं बोला.
सळई ओढली की तिच्या आत जे उभं राहतं ते प्रतिबल,
तिची लांबी जेवढी ढळते ती विकृती.
नेरपगार मॅडमनी चष्मा काढला :
आमच्याकडे विकृती म्हटलं की माणसाला गोळ्या सुरू होतात.
आमच्याकडे, सर म्हणाले, ती प्रत्येक पुलात असते.
पांझरेवरून ट्रक गेला की येते,
ट्रक उतरला की जाते.
नाही गेली, तर मात्र आम्हीही घाबरतो.

लांबीला लांबीनेच भागायचं,
म्हणून विकृतीला एकक नाही.
हे मी कार्डाच्या मागे लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं.

भामरे मॅडम भाषेच्या. त्यांचं म्हणणं एवढंच,
शब्दातल्या एका अक्षरावर जोर पडतो,
तो ताण नव्हे, आघात.
आघात आमचा आहे, नेरपगार मॅडम म्हणाल्या,
आगीनंतरचा, अपघातानंतरचा,
घरातलं माणूस न सांगता निघून गेल्यावर उरतो तो.
अक्षराला कसा देता?
भामरे मॅडमनी पेनाला टोपण लावलं, काढलं, लावलं.
बडगुजर सर म्हणाले, आघात म्हणजे हातोडा, त्याचं सूत्र आहे,
आणि मग स्वतःच गप्प झाले.

जुन्या खोक्यातून वाघुळदे सरांचं कार्ड निघालं.
सोळा वर्षं समिती त्यांनी एकट्यानं ओढली,
शेवटी शेवटी दवाखान्यातून
बिस्किटांच्या डब्यात कार्डं पाठवायचे,
हिरवी शाई, ऱ्हस्वदीर्घ चोख.
या कार्डावर व्याख्या नाही.
पेन्सिलीनं एकच शब्द : विचारणे.
कोणाला, ते नाही.

तडवी सर तोवर खिडकीबाहेर बघत होते.
यावलहून पहाटेच्या एसटीनं येतात, कृषीचे.
म्हणाले, आमच्यात ताण येत नाही. देतात.
मोसंबीचं पाणी तोडायचं,
जमीन भेगाळू द्यायची, पानं मलूल होऊ द्यायची,
रस्त्यानं जाणारा विचारतो, बाग गेली का हो?
गेली नाही. ताणावर आहे.
मग एक दिवस पाणी सोडायचं,
आणि फांदीफांदीला फूल.
तो दिवस कोणता, हे माझ्या पुस्तकात नाही.
भडगावच्या सालदाराला विचारलं,
तर म्हणे, झाडच सांगस.

झाड सांगतं ही व्याख्या नव्हे, बडगुजर सर म्हणाले.
नव्हेच. तडवी सरांनीही मान हलवली.

आणि पाणी सोडायला उशीर झाला तर?
नेरपगार मॅडमनी हे फार हळू विचारलं,
समितीतल्या माणसासारखं नाही.
मग सरपण, तडवी सर म्हणाले.
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि खोडलं.

साडेपाचला ठरलं ते असं :
स्थापत्य, प्रतिबल.
मानसशास्त्र, ताण.
भाषा, आघात, मतभेद नोंदवून.
कृषी, ताण, पाहा : बहर.

बहरचं कार्ड अजून झालेलं नाही.
ब येईल पुढच्या मेमध्ये, आलाच तर.

नियम असा आहे की नवं कार्ड झालं की जुनं रद्दीत.
सगळे एसटी स्टँडकडे गेल्यावर मी कुलर बंद केला,
वाघुळदे सरांचं कार्ड ब च्या रिकाम्या खोक्यात ठेवलं,
पेन्सिल तशीच राहू दिली.