कच्चा दोरा

डॉक्टर तुंगारेबाईंनी औषधाच्या बाटलीत घालून
माझाच दोरा मला परत दिला.
हिरवा. पोपटी नव्हे, चिंचेच्या पाल्याचा.
हात-सव्वा हात असेल.
आतड्यात शिरून त्यानं चुण्या पाडल्या होत्या,
परकराच्या नेफ्यात नाडी ओढल्यावर पडतात तशा.
हे त्या बोलल्या नाहीत. त्यांनी कागदावर चित्र काढलं,
मला नेफा दिसला.
दोऱ्याला सुई नव्हती, एवढंच नशीब.

नेरूळ, सेक्टर दहा. सिडकोची एक खोली.
मशीनवर चादर टाकली आहे,
रिळं पिठाच्या डब्यात, डबा माळ्यावर.
झाडून झाल्यावर गुडघ्यांवर बसून
मी फरशीवरून तळहात फिरवते.
अजून सापडतात.
पाव बोटाचे, कुणाकुणाच्या लग्नाचे.

बॉबिन कपड्यांच्या टोपलीत. गळ्यात कर्णा.
पहिल्या रात्री ती नुसती मागे मागे चालत राहिली,
जणू कर्ण्याला मागचं दार असावं.
भिंतीला टेकली तेव्हा थांबली
आणि माझ्याकडे अशी बघितली
की मीच मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी अस्तराचा तुकडा काढला,
टू बाय टू, बदामी.
चार पायांना चार भोकं, पाठीवर नाड्या.
मशीन उघडलं नाही. हातानं शिवलं,
मोरीचं दार लावून, ती झोपलेली असताना,
चोरासारखं.
माप पाठ होतं. छाती साडेबारा.
कंबर धरावी लागली अर्धा इंच आत.

सकाळ-संध्याकाळ अर्धी गोळी.
दर तीन तासांनी दोन चमचे उकडलेली कोंबडी, बोटानं कुस्करून.
रेतीऐवजी फाडलेला पेपर, जखमेला काही चिकटू नये म्हणून.
ओठ उचलून हिरड्या गुलाबी आहेत का बघायचं.
उडी मारू द्यायची नाही.
हे तिला समजावणारं माणूस अजून जन्माला यायचंय.
रात्री मी टोपलीशेजारी अंथरूण घालते.
खाडीकडचा वारा आला की ती नाक वर करते,
सारसोळ्याला होड्या लागल्या असतील.

भिशीचे पैसे गेले.
शेजारच्या कुंदाताई म्हणाल्या, मांजरासाठी? एवढे?
मी म्हटलं, दोरा माझा होता.
त्यांना ते कळलं नाही, मीही पुढे सांगितलं नाही.

दुपारी खिडकीत ऊन असतं तेव्हा
नाड्या सोडून टाके बघते.
अकरा.
सुटे सुटे, ज्याची त्याची गाठ,
एक तुटला तरी शेजारचा धरून ठेवील असा हात.
अंतर सारखं. फक्त खालून तिसरा जरा तिरका.
तिथे बाई दमल्या असतील,
किंवा कुणी दार वाजवलं असेल.
माझ्याही प्रत्येक ब्लाऊजात असा एक असतो,
घालणारीला कधी दिसत नाही.

सहाव्या दिवशी तांडेलवहिनी आल्या, हिरव्या ब्लाऊजवाल्या.
हळद उद्यावर, हुक राहिलेले.
मशीनवरची चादर बघितली, मग टोपली.
"अगं बाई, हिनं पण ब्लाऊज घातलाय!"
मग उंबऱ्यात बसून स्वतःच हुक लावले,
दातानं दोरा तोडला,
आणि मी हात पुढे करायच्या आत
तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला,
सुटे पैसे मोजून द्यावेत तसा.

बाराव्या दिवशी टाके निघाले.
कच्चा दोरा कधी उसवायचा ते मला कुणी सांगायला नको.
पक्की शिवण पडली, की.
पण इथली कुणी घातली, कधी,
टोपलीत, अंधारात, सुईवाचून,
ते विचारायचं धाडस झालं नाही.
मी नुसती पिशवी धरून उभी राहिले.

घरी आल्या आल्या ती मशीनवर चढली, चादरीसकट,
मागचा पाय आभाळाकडे केला
आणि भादरलेल्या पोटावर
बारा दिवसांची तुंबलेली चाटणी काढू लागली.
अंगडं खाली पडलेलं.

उद्या मशीन उघडेन.
आधी फरशी.