अपलोड

इतवारीतल्या कूलरच्या कारखान्यात
स्टुलावर चढून मी पहिला कॅमेरा कसला
आणि खाली उतरून, बिलाच्या पाठीवर
हिशेब मांडायला घेतला.

दोन मेगापिक्सेल. सेकंदाला पंधरा चित्रं.
एकाला दोन एमबीपीएस धरले; कॅमेरे चार, म्हणजे आठ.
हेडाऊकाका म्हणाले, "शंभराची लाइन हाये ना बापा!"
ती खाली उतरायची, म्हणालो. उतारावर सगळंच धावतं.
तुमचं चित्र वर चढणार,
आणि चढायला कंपनीनं ठेवलेत पाच.

काकांनी आठ पाहिले, पाच पाहिले,
आणि कारागिराच्या सवयीनं विचारलं,
"यातलं काय काढता येते?"

मग काढत बसलो.
गेटवर गाडीचा नंबर वाचायचा, तिथे चित्र नीट हवं.
खसच्या गंजीला सेकंदाला पाच पुरे,
गवत काही पळून जात नाही.
जाड चित्र इथल्याच डिस्कवर राहू द्यायचं,
बाहेर धाडायचं ते पातळ.
टेस्टिंगचा कूलर चौकटीबाहेर सरकवला,
नाहीतर एकटा पंखा फिरत राहतो
आणि अर्धी लाइन वाराच खातो.

"अन् काईच हाललं नाई त किती लागन?"
जवळजवळ काही नाही, काका.
कालचीच भिंत यंत्र पुन्हा पाठवत नाही,
बदललं तेवढंच पाठवतं.
"म्हंजे रात्री फुकट."
नाही ना. उजेड कमी पडला की
चित्रात दाणे उठतात, रवा चाळल्यासारखे,
यंत्राला वाटतं सगळंच हलतंय.
अंधार महाग पडतो.
एक बल्ब जळू द्या.

ते हसले नाहीत.
आठवड्यातून तीनदा, धंतोलीत,
चार-चार तास त्यांचं रक्त यंत्रातून फिरून येतं.
तिथल्या खुर्चीतून पाहायचा होता
त्यांना हा कारखाना.

मंगळवारी दुपारी घरून रीडिंग तपासत होतो.
शेहेचाळीस डिग्री. कारखाना जेवून आडवा झालेला.
आलेख जमिनीला टेकलेला,
एकशे ऐंशी केबीपीएस, त्यातही गेटवरचं कुत्रं असावं.
मग अचानक सुळका.

चौकटीत झिबल,
वेल्डिंगचा गॉगल कपाळावर ढकललेला,
कॅमेऱ्याच्या अगदी तोंडासमोर
दोन्ही हात हलवतोय,
थांबतच नाही.

पाचातले पावणेदोन.
लाइनीत अजून जागा होती.