भाकड

टस्करोराच्या पुढे चाळीस मैल, डांबर संपल्यावर आणखी तेवढंच.
ऑक्टोबर. पाण्याच्या हौदावर बोटभर बर्फ,
आणि माझा डावा हात, खांद्यापर्यंत प्लास्टिकच्या मोज्यात,
दोनशे बारा गाईंच्या आत, एकेक करून.
आतून गाय उबदार असते.
नेवाडात त्या सकाळी तेवढीच एक जागा उबदार होती.

मी म्हणते, चार महिने. मी म्हणते, दोन. मी म्हणते, पाच.
जॉयलीन वहीत लिहिते, पेन्सिल दातात धरून फाटक ओढते.
मी म्हणते, ओपन.
तिचा बाप पाठीवर केशरी खडूची रेघ मारतो.

ओपन. दार सताड, आत कुणी नाही.
परभणीच्या कॉलेजात आम्ही भाकड म्हणायचो,
आणि हा शब्द गाईपाशी थांबत नाही, गोष्टीलाही डसतो:
जिच्यातून काही निघत नाही ती भाकडकथा.
हे वेंडेल आराम्बिदेला सांगितलं नाही.
त्याला सांगितलं ते असं:

वळू साठ दिवस सोड, सहा महिने नको,
वासरं एका पंधरवड्यात, फार तर महिन्यात पडू देत.
शेजारचा वळू कुंपण मोडून आला होता ना, त्याची तपासणी कर,
तो रोग वळूच्या अंगावर दिसत नाही, गर्भ मात्र गिळतो.
तांबं कमी पडतंय, म्हणून काळे केस गंजल्यासारखे तांबूस.
बरगड्या मोजता येतात ती गाय माजावर यायला उशीर लावते.
आणि भाकड एकही हिवाळ्यात ठेवू नकोस,
एकेकीचं वाळलं गवत म्हणजे दोन-दोन टन.
तो टोपी मागे सारून ऐकत होता,
आपल्याच घराची वाट परक्या माणसाकडून ऐकावी तसा.

एकतीस निघाल्या.
एकतिसावी चारशे अठरा. चौदा वर्षांची, एक शिंग वाकडं,
दात झिजून हिरडीला टेकलेले.
खडू हातात धरून वेंडेल थांबला.
"ही वरच्या झऱ्याला जाते," जॉयलीन म्हणाली.
मी म्हटलं, वहीत त्याला रकाना नाही.
विनोद म्हणून म्हटलं होतं. कुणी हसलं नाही.
रेघ मारली. ट्रक शुक्रवारी आला.

पुढच्या ऑक्टोबरात सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे:
वळू साठ दिवस, तांब्याचं मीठ, कुंपणाला नवी तार.
भाकड फक्त नऊ!
मोजा उपसून मी जवळजवळ नाचलेच.
मग वासरं काट्यावर घेतली.
दर वासरामागे चाळीस पौंड कमी.

वेंडेल काही बोलला नाही, नुसता डोंगराकडे बघत राहिला.
वर, झऱ्याभोवती, गुडघाभर गवत
उभ्या उभ्या वाळलेलं, कुणी तोंडही न लावलेलं.
आणि खाली ऐंशी गाई उन्हाळाभर हौदाला धरून
तेच ते माळरान खरवडत राहिलेल्या.
वाट होतीच. ती चारशे अठराच्या खुरांत होती,
आम्ही पोटं मोजली.

यंदा जूनमध्ये जॉयलीन मिठाच्या लाद्या
घोड्यावर लादून वर नेत राहिली. आठवडाभर, रोज.
दोनदा मीही गेले. बिल लावलं नाही,
आणि का लावलं नाही ते कुणी विचारलंही नाही.
खालून गाई आमच्याकडे बघायच्या,
रवंथ करत, पाहुण्यांकडे बघावं तशा.

आठव्या दिवशी सहाशे तीस नंबरची कालवड
थबकत, फुरफुरत, प्रत्येक दगडाचा वास घेत चढली.
मागे अकरा.
जॉयलीननं वहीत एक रकाना आखला,
वर नाव काय लिहायचं ते तिला सुचेना, मलाही नाही.
कालवड गाभण राहील का, ठाऊक नाही.
ऑक्टोबरला चार महिने आहेत.
तिनं पाण्याला तोंड लावलं आणि आम्ही दोघी
घोड्यांच्या आड, आवाज न करता, उभ्या राहिलो.